कौतुक नको, दोन तास हवेत

गावात माझं फार कौतुक होतं. देवळात, पिठाच्या गिरणीवर, पंचायतीसमोरच्या बाकावर, कुठेही गेलो की कोणी ना कोणी म्हणतंच, "सर, तुम्ही बाईंचं जे करताय ना, ते आजकाल कोण करतं?" बायकोला अल्झायमर आहे आणि नवरा तिला भरवतो, तिचे केस विंचरतो, तिच्यामागून अंगणभर फिरतो, ही गोष्ट गोव्यातल्या अंत्रुज महालातल्या आमच्या गावाला अजून नवलाची वाटते. बोलणाऱ्यांचं मन स्वच्छ असतं, याबद्दल मला शंका नाही. पण आमच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागून जे घर आहे, तिथली सून गेली कित्येक वर्षं सासऱ्यांचं हेच सगळं करते आहे. त्यांना, आबांनाही, डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंशच आहे; अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार. तिला देवळात थांबवून कोणी चार शब्द बोलल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. उलट आबा एकदा अर्ध्या कपड्यांत रस्त्यावर आले, तेव्हा "सून काय करत होती?" असं चारचौघांत विचारलं गेलं.

मी करतो ते पुण्य आणि ती करते ते तिचं कामच, हा हिशेब मला पटत नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

आमची ही मराठी प्राथमिक शाळेत शिकवायची. गाव अजून तिला बाईच म्हणतं. सुरुवात कशी झाली असं पुष्कळजण विचारतात, तर ती माटोळीपासून, म्हणजे गणपतीवर बांधतात त्या फळाफुलांच्या छतापासून झाली. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आदल्या दिवशी नारळ, सुपारीचे घोस, आंबाडे, कांगलां कुठे काय बांधायचं हे ती दरवर्षी न बघता सांगायची. त्या वर्षी हातात आंबाड्यांचा झुबका घेऊन ती स्टुलाशेजारी नुसती उभी राहिली. पुढे पैशांचा हिशेब चुकायला लागला, एकच गोष्ट दिवसात सहासात वेळा विचारली जाऊ लागली. डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं, बी-१२ आणि थायरॉइड पाहिलं, कारण त्यातल्या बिघाडानेही असं होतं आणि तो औषधाने सुधारू शकतो. मग मेंदूचा एमआरआय, स्मरणशक्तीच्या चाचण्या, आणि शेवटी आजाराचं नाव. डोनेपेझिलची गोळी सुरू झाली. ही गोळी आजार थांबवत नाही, काही काळ थोडं सावरून धरते, तेवढीच अपेक्षा ठेवा, असं डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं. त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. खोट्या आशेवर धावण्यात आमचे दिवस गेले नाहीत.

हिला हे का झालं, याचं गावाकडे मात्र तयार उत्तर आहे. मुलगा आखातात गेला, मुलगी पुण्याला दिली, घर रिकामं झालं, तेच मनाला लागलं. आबांच्या बाबतीत उत्तर आणखी टोचणारं आहे : घरात कोणी मायेनं विचारत नसेल. ही समजूत फक्त आमच्या गावाची नाही. डॉ. विक्रम पटेल आणि डॉ. मार्टिन प्रिन्स यांनी गोव्यात याच विषयावर लोकांशी आणि आरोग्य कर्मचाऱ्यांशी बोलून एक अभ्यास केला होता, तो २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात हेच निघालं. डिमेन्शियाची लक्षणं लोकांना माहीत होती, पण त्याला आजार कोणी मानत नव्हतं. वय झालं की असं होतंच, डॉक्टरकडे कशाला न्यायचं, अशी समजूत. आणि कारण विचारलं तर, मुलांनी हेळसांड केली, प्रेम दिलं नाही. त्याच अभ्यासात असंही आढळलं होतं की म्हाताऱ्यांचं करण्यामागे पुष्कळदा वारशाची अपेक्षा असते. हे वाचून वाईट वाटतं, पण ज्यांनी गोव्यातल्या घरांतली वाटणीची भांडणं पाहिली आहेत त्यांना ते नवं वाटणार नाही.

तर ज्यांना खरंच कारण हवं आहे त्यांच्यासाठी सांगतो. अल्झायमरमध्ये अमायलॉइड आणि टाऊ नावाची प्रथिनं मेंदूत साठत जातात, पेशी मरत जातात, आणि हे पहिलं लक्षण दिसण्याच्या कित्येक वर्षं आधी सुरू झालेलं असतं. म्हणजे आमचा मुलगा विमानात बसला त्याच्याही आधी. मायेनं विचारणारी सून घरात असतानाही हे होतं. ती सून रात्री तीन वेळा उठून सासऱ्यांच्या चादरी बदलते आणि सकाळी तिलाच ऐकावं लागतं की तिने माया केली नाही. माझ्या मते आजाराच्या ओझ्याइतकंच हे ओझं जड आहे, आणि ते आपण गावाने तिच्यावर ठेवलं आहे. गावाने ठरवलं तर ते उतरवताही येईल.

या आजारातली सगळ्यात अवघड वेळ संध्याकाळची. चार वाजेपर्यंत ही छान असते. ओसरीवर बसून जुन्या साडीची घडी घालते, मोडते, परत घालते. उन्हं तुळशीवृंदावनाच्या मागे सरकली की चुळबुळ सुरू होते. पदर सारखा करते, चपला शोधते आणि म्हणते, "हांव घरा वतां." मी घरी जाते. आम्ही घरात कोकणीच बोलतो आणि लिहितो-वाचतो मराठी, आमच्या पिढीतल्या पुष्कळ घरांत असंच आहे. घर म्हणजे तिचं सावईवेऱ्याचं माहेर. पोफळींचं कुळागर, मधून वाहणारा पाट, पाटाकाठी कपडे धुणारी आई. आज तिथे भावाची मुलं राहतात आणि सासूबाई जाऊन अर्धं आयुष्य लोटलं.

हेच तुझं घर, असं तिला पटवण्यात अर्थ नसतो. ज्या आठवणीच्या आधाराने ते पटायचं ती आठवणच आता नाही. मी म्हणतो, "चल, सोडतो तुला." छत्री घेतो, पिशवी घेतो, पिशवीत पाण्याची बाटली. फाटकातून पिंपळाच्या पारापर्यंत, तिथून शाळेच्या कुंपणाला वळसा. वाटेत भेटेल त्याला ती "जेवलास?" म्हणून विचारते आणि उत्तर ऐकून मान डोलावते. फिरून आपल्याच फाटकाशी आलो की मी सांगतो, "आमी पावलीं." बहुतेक वेळा ती आत येते, पायांवर पाणी घेते आणि देवाला हात जोडते. कधी येत नाही. मग आणखी एक फेरी.

दिवस कलताना असा गोंधळ वाढणं हे या आजाराचं ओळखीचं लक्षण आहे. मेंदूतलं दिवसरात्रीचं घड्याळ बिघडलेलं असतं, अंग थकलेलं असतं, अंधुक उजेडात खुंटीवरचा शर्टही माणूस वाटतो. त्यामुळे मी दिवे तिन्हीसांजेच्या बरेच आधी लावतो, दुपारी तिला लांब झोपू देत नाही, चारनंतर चहा देत नाही. याने ते थांबत नाही. तासाचं अर्ध्या तासावर येतं, आणि तो वाचलेला अर्धा तास आमच्या घरात मोठा असतो.

कधी ती आईला शोधते. "आवय खंय?" मी सांगतो, देवळात गेल्या आहेत, येतील. आयुष्यभर वर्गात खरं बोला म्हणून शिकवलं, तरी याला मी खोटं बोलणं मानत नाही. आई गेली असं सांगितलं तर तिच्या लेखी ती आत्ता, या घटकेला गेलेली असते. ती रडते, आणि कशासाठी रडतोय हे विसरल्यावरही रडू थांबत नाही. तथ्य पुसलं जातं, भावना मागे राहते, असा या आजाराचा क्रूर स्वभाव आहे. त्याचीच दुसरी बाजू अशी की चांगला गेलेला तास तिला आठवत नाही, पण त्या तासाचा आनंद संध्याकाळपर्यंत तिच्या चेहऱ्यावर दिसतो. त्या आशेवर मी तिच्याशी गाणी म्हणतो.

एक व्यवहाराची गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण ती फार थोड्यांना माहीत असते. डिमेन्शिया हळूहळू वाढतो. माणूस दोन-तीन दिवसांत एकाएकी खूप बिघडला, भ्रमिष्टासारखं करू लागला, तर ते डिमेन्शियाचं वाढणं समजून गप्प बसू नये. एका पावसाळ्यात हिचं असंच झालं होतं. डॉक्टरांनी लघवी तपासायला सांगितली, जंतुसंसर्ग निघाला, औषधाने आठवड्याभरात ती पूर्वपदावर आली. आणि शेजारीपाजारी "रात्री शांत ठेवायला एखादी गोळी द्या हो" म्हणतात, त्या गोळ्या मनाने देऊ नयेत. भ्रम आणि आक्रस्ताळेपणासाठीच्या काही औषधांनी डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ सालीच दिलेला आहे. लागलीच तर मानसोपचारतज्ज्ञांच्या नजरेखाली, थोड्या काळासाठी.

आंघोळीचा प्रश्न त्याहून नाजूक. काही दिवशी मी तिचा नवरा असतो, काही दिवशी भाऊ, आणि काही दिवशी कोणी परका पुरुष. परक्या पुरुषासमोर पदर काढायचा नाही हे तिच्यात इतकं खोल रुजलेलं आहे की आजार अजून तिथपर्यंत पोचलेला नाही. तिच्या त्या संकोचाचा मान राखावा असं मला वाटतं. तिकडे गडग्यापलीकडे आबांची तीच गत. सून अंगाला हात लावू लागली की ते मुठी आवळतात, दाढी करू देत नाहीत. एका सकाळी गडग्यावरून बोलता बोलता तीच म्हणाली, "सर, बाईंना मी न्हाऊ घालते. तुम्ही आबांची दाढी कराल?"

तेव्हापासून सकाळी मी तिकडे जातो आणि ती इकडे येते.

आबांना आरसा द्यायचा नाही, हे पहिल्या दिवशीच कळलं. आरशातला म्हातारा त्यांच्या ओळखीचा नसतो आणि ते त्याला घराबाहेर जायला सांगतात. ब्रश मात्र त्यांच्याच हातात द्यायचा. वाटीत फेस ते स्वतः करतात, गोल गोल, घाई न करता, कारण हाताला ते अजून येतं. गालाला फेसही तेच लावतात. मग रेझर मी घेतो. मी रेझर गालाशी नेला की न सांगता ते आतून जीभ गालाला लावतात आणि कातडी ताणून धरतात. इतक्या वर्षांची सवय त्या जिभेने ठेवली आहे. हनुवटीखाली आलो की मान आपोआप वर. मी काही बोलत नाही, तेही बोलत नाहीत, आणि शेवटी तुरटी फिरवली की ते समाधानाने "हां" म्हणतात.

इकडे ती हिला कशी आंघोळ घालते ते मी तिच्याकडून समजून घेतलं आहे, तीच कधी आजारी पडली आणि मला करावं लागलंच तर. डोक्यावर पाणी आधी कधीच नाही. आधी पावलांवर कोमट पाणी, मग गुडघे, मग हात. अंगावर जुनं पातळ राहू द्यायचं आणि त्याच्यावरूनच पाणी घालायचं. तांब्या हिच्या हातात द्यायचा, म्हणजे कोणी आपल्याला न्हाऊ घालतंय असं न वाटता आपणच नाहतोय असं वाटतं. आणि सगळा वेळ काहीतरी बोलत राहायचं, पाववाल्या पोदेराने आज उंडे किती चांगले आणले, विहिरीचं पाणी किती वर आलं. कुठल्याही रुग्णालयात न शिकता ही बाई हे शिकली आहे. तिला कोणी विचारलं तर ती म्हणते, "त्यात काय एवढं?"

त्यात पुष्कळ आहे, आणि हे मी मायेपोटी म्हणत नाही. याच कामाचा आपल्या गोव्यातच अभ्यास झालेला आहे. संगाथ ही संस्था इथे १९९६ पासून मानसिक आरोग्याचं काम करते. डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिमेन्शियाच्या रुग्णांची ८१ कुटुंबं घेऊन एक प्रयोग केला, तो २००८ साली 'प्लॉस वन' या नियतकालिकात छापून आला. निम्म्या कुटुंबांकडे सहा महिने घरी भेट देणारे सल्लागार जात, साधारण पंधरा दिवसांनी एकदा. हे सल्लागार डॉक्टर नव्हते. इथलीच, इथली भाषा बोलणारी, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं, आणि त्यांच्या पाठीशी समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ. आजार काय आहे ते समजावणं, माणूस चिडला, भटकला, जेवेना झाला तर काय करायचं ते सांगणं, गरज पडली तर डॉक्टरांकडे जोडून देणं, सरकारी योजनांची माहिती देणं, अशाच दुसऱ्या घरांशी गाठ घालून देणं, एवढंच त्यांचं काम. उरलेल्या निम्म्या कुटुंबांना नंतर हीच मदत मिळणार होती.

सहा महिन्यांनी काय दिसलं? रुग्णाच्या वागण्यात किंवा क्षमतेत खात्रीने सांगता येईल असा फरक पडला नव्हता. फरक पडला होता सांभाळणाऱ्यांमध्ये. त्यांचं मानसिक आरोग्य सुधारलं होतं आणि रुग्णाच्या वागण्याचा त्यांना होणारा त्रास कमी झाला होता. म्हणजे आजार तिथेच होता आणि तो सोसणारं माणूस सावरलं होतं. हे मला औषधाच्या शोधाइतकं मोठं वाटतं. औषध येईल तेव्हा येईल, पण पंधरा दिवसांनी एकदा घरी येऊन ऐकून घेणारं माणूस आजही तयार करता येतं.

आणि ते घरी यायला हवं, यावर माझा फार भर आहे. बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जायचं म्हणजे दोन बस, नाहीतर भाड्याची गाडी. रुग्णाला सोबत न्यावं तर तो रांगेत बसत नाही, घरी ठेवावं तर कोणापाशी? सांभाळणाऱ्या माणसासाठी जी मदत घराबाहेर ठेवलेली असते ती त्याच्यासाठी नसल्यातच जमा. २०११ च्या जनगणनेत गोव्यातले ११ टक्क्यांहून जास्त लोक साठीच्या पुढचे होते, केरळखालोखाल हे प्रमाण. देशपातळीवरच्या अलीकडच्या अभ्यासाप्रमाणे साठीपुढच्या दर शंभरांत सातजणांहून जास्त लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे भारतात ८८ लाखांच्या आसपास. आणि आमच्या वाड्यावरच्या घरांची तरुण मुलं बोटीवर, आखातात, पुण्या-बंगळुरात किंवा पोर्तुगालचा पासपोर्ट घेऊन इंग्लंडात. हिशेब करायला गणिताचा शिक्षक लागत नाही.

कागदपत्रांबद्दल दोन शब्द, कारण या बाजूने माणूस बेसावध असतो. हिची सही मराठीत, ठसठशीत, शाळेच्या दाखल्यांवर शोभणारी. आजारात ती बारीक होत गेली, मग आडनाव गळालं, मग नुसती एक वाकडी रेघ. बँकेत सही जुळत नाही म्हणून स्लिप परत आली. मला नियम ठाऊक होता म्हणून निभावलं. आजारी आणि वृद्ध खातेदारांसाठी अंगठा आणि दोन साक्षीदार, त्यातला एक बँकेचा, अशी सोय रिझर्व्ह बँकेने केलेली आहे. पण गोव्यात याहून मोठी अडचण घराजमिनीची. इथल्या कायद्याप्रमाणे लग्नानंतर बहुतेक जोडप्यांची मालमत्ता सामाईक असते आणि बायकोच्या संमतीशिवाय नवऱ्याला स्थावर विकता येत नाही. बायकांच्या दृष्टीने हा फार चांगला कायदा आहे. मात्र संमती द्यायला समज लागते. आणि आधी करून ठेवलेलं साधं मुखत्यारपत्रही, देणाऱ्याची समज गेली की, कायद्याने संपतं. तेव्हा आजाराचं नाव कळलं की लगेच, माणूस सही करू शकतो आणि सही कशावर करतो आहे हे त्याला कळतं तोवर, वकिलाला भेटा. खाती जोडीच्या नावावर करा, वारसनोंदी बघा, मृत्युपत्र करायचं तर करून घ्या. त्याच्या इच्छा काय आहेत तेही त्याच दिवसांत त्यालाच विचारा. हिने मला सांगितलं होतं, मला नळ्या लावून ठेवू नका. ते मी तारीख घालून लिहून ठेवलं आहे.

चवथीला सगळे येतात. दीर-नणंदा, भाचरं, पुतणे. घुमट वाद्यं वाजू लागतात, आरत्यांवर आरत्या होतात आणि ही एकही शब्द न चुकता सगळ्या म्हणते. नणंद डोळे पुसते आणि मला म्हणते, "दादा, हिला काही झालेलं नाही, तूच उगाच घाबरतोस." पाहुणा आला की हे असंच होतं. रुग्ण सगळी शक्ती एकवटून तासभर अगदी पूर्वीसारखा वागतो, आणि पाहुणा तोच तास घेऊन घरी जातो. त्यानंतरची रात्र आमच्या वाट्याला येते. आखातातून व्हिडिओ कॉल करणाऱ्या मुलालाही तोच हसरा चेहरा दिसतो. मुलगा चांगला आहे, पैसे पाठवतो, काळजी करतो. यंदा मी त्याला म्हटलं, चार दिवस चवथीला येण्यापेक्षा मेमध्ये पंधरा दिवस ये आणि रात्रीचं तू बघ. तो आला. तिसऱ्या सकाळी त्याने मला न विचारता बहिणीला फोन केला, आणि त्या दोघांनी मिळून रात्रीसाठी आठवड्यातून दोनदा बाई ठेवली. समजावून जे जमलं नव्हतं ते तीन रात्रींनी केलं.

राग येतो का, असं मला कोणी विचारत नाही. रोज येतो. सांभाळणाऱ्या प्रत्येकाला येतो आणि तो बोलायची जागा नसते, कारण ज्याचं कौतुक झालेलं आहे त्याने चिडायचं नसतं. मी विहिरीवर जातो, एक कळशी पाणी काढतो, तोंड धुतो, परत येतो. पण रागापेक्षा मला जास्त छळते ती तिची आठवण, ती समोर बसलेली असताना. ती माझ्या लिहिण्यातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका लाल पेनाने काढायची. वर्तमानपत्राच्या अग्रलेखावर आमचं सकाळी भांडण व्हायचं, ते दुपारच्या जेवणापर्यंत चालायचं. हा लेख तिने न तपासता जातो आहे. माणूस जिवंत असताना त्याच्यासाठी शोक करायचा, ही गोष्ट आपल्या रीतीभातीत बसत नाही. ना सुतक, ना भेटायला येणारी माणसं.

जगणं बरं चाललंय की नाही हे मोजायला जागतिक आरोग्य संघटनेची २६ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. शरीर, मन, नाती आणि भोवताल अशा चार बाजूंनी ती विचारते. झोप कशी आहे, कामाला अंगात बळ आहे का, मित्रांकडून मिळणारा आधार पुरतो का. त्यातल्या एका प्रश्नाशी मी अडलो : तुम्हाला विरंगुळ्याला कितपत संधी मिळते? मी तो कागद गडग्यापलीकडे नेला. ती हसली आणि म्हणाली, "सर, हे कोणासाठी असतं?"

त्यातूनच मंगळवार आणि शुक्रवार ठरले. दुपारी तीन ते पाच आबा आणि ही, दोघंही आमच्या ओसरीवर. मंगळवारी दोघांजवळ ती बसते आणि मी मोकळा, शुक्रवारी मी बसतो आणि ती मोकळी. मी वाचनालयात जातो, परत येताना पारावर थोडा बसतो. ती पहिल्या शुक्रवारी काय केलं तर झोपली, असं तिनेच सांगितलं. दुसऱ्याही शुक्रवारी झोपली. मग बहिणीकडे जाऊन आली.

ओसरीवर मात्र मजा असते. आबा गोव्याच्या सरकारी कदंबा बसवर कंडक्टर होते. वर्तमानपत्राचे तुकडे करून ते तिकिटं फाडतात. हिच्यासमोर येऊन विचारतात, "खंय?" ही सांगते, "सावईवेरें." ते तिकीट देतात, ही ते पदराच्या गाठीत बांधते, आणि त्या दुपारी चपला शोधायला उठत नाही. थोड्या वेळाने ही हजेरी घेते. ही कोणाचंही नाव घेवो, आबा "हजर" म्हणतात.

आता कार्तिकात देवळाच्या उत्सवात बायकांचं नाटक आहे. आबांची सून लग्नाआधी माहेरी नाटकात कामं करायची, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. यंदा तिला भूमिका दिली आहे. तालमी संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ, आठवड्यातून तीन दिवस. संध्याकाळी मी हिला सोडून हलू शकत नाही, तिचा नवरा वास्कोहून कामावरून परतायला नऊ वाजतात. मागच्या सोमवारी देवळात मला पुन्हा कोणी म्हणालं, सर, तुमच्यासारखं कोण करतं. मी त्यांना तिथेच विचारलं, आबांजवळ दोन तास बसाल का? ते थोडे गडबडले, मग बुधवारी येतो म्हणाले. आबांचे बसवरचे जुने ड्रायव्हर मित्र आहेत, त्यांनी गुरुवार घेतला. बसणाऱ्याने फार काही करायचं नसतं. दिवा लावून ठेवायचा, पेज कोमट करून द्यायची, कुठे जायचंय असं त्यांनी विचारलं तर गावाचं नाव सांगायचं आणि तिकीट जपून ठेवायचं, कारण ते मधेच तपासायला येतात. सोमवार अजून रिकामा आहे.